साटा एकाचा, साज दुसऱ्याचा

नाशिकहून आग्रा रोडने निघाले की साधारण पासष्ट किलोमीटरवर चांदवड लागते. तिथला होळकरांचा रंगमहाल आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. याच रस्त्याने मालेगाव, धुळे मागे टाकत पुढे गेले की इंदूर येते. इंदूरचे अखेरचे सत्ताधीश यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) हे कलेचे मोठे जाणकार होते. त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराकडून शिल्पे घेतली. त्यांना मोटारींचीही तितकीच पारख होती. १९३५ची त्यांची केशरी-काळ्या रंगाची उघडी ड्यूसेनबर्ग आजही जगातल्या अतिशय देखण्या मोटारींत गणली जाते. पुढे ती अमेरिकेत गेली.

ही मोटार कोणी बनवली, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मात्र देता येत नाही. तिचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि चेसिस अमेरिकेत तयार झाले. ड्यूसेनबर्ग कंपनी ग्राहकाला एवढेच विकत असे. ते चेसिस लंडनला गेले आणि तिथे गर्नी नटिंग या कारखान्याने त्यावर दोन माणसांपुरती, मागे निमुळती होत जाणारी बॉडी चढवली. मालक मराठी, साटा अमेरिकन आणि साज इंग्रज. अशा मोटारींना ‘कोचबिल्ट’ म्हणतात.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ संपली. तिचा शेवटचा बहर उघडझाप करता येणाऱ्या छताच्या मोटारींत, म्हणजे कन्व्हर्टिबलमध्ये दिसला. त्या का बनल्या आणि का संपल्या, हे या लेखात सांगायचे आहे. सोबत एक आजचा प्रश्नही आहे. अशा गाडीला ‘मूळ स्वरूपातली’ म्हणायचे ते कशाच्या आधारावर? २०२१पासून आपल्याकडे हा प्रश्न कायद्याच्या कागदावर आला आहे, त्यामुळे तो आता केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाही.

बैलगाडीपासून सुरुवात

मी इंजिनिअर नाही. मोटारीची बॉडी म्हणजे काय, हे मला पुस्तकांच्या आधी ट्रकबॉडीच्या शेडमध्ये कळले. कंपनीतून ट्रकचे नुसते चेसिस यायचे. उघड्यावर लाकडी खोक्याची सीट बांधून, डोक्याला उपरणे गुंडाळून ड्रायव्हर ते शेकडो मैल चालवत आणायचा. मग सुतार, लोहार, पत्रेवाला, रंगारी आणि सीटवाला असे पाच हात त्यावर फिरले की ट्रक उभा राहायचा. बैलगाडीचेही तसेच असते. साटा आणि चाके हा तिचा पाया. वर धान्यासाठी तट्ट्या लावायच्या की माणसांसाठी छप्पर करायचे, ते मालकाने ठरवायचे.

युरोपातले कोचबिल्डर मुळात घोडागाड्याच बनवत. लंडनचा हूपर हा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राजघराण्यांसाठी बग्ग्या बांधत आला होता. मोटार आल्यावर घोडे गेले, पण काम तेच राहिले. आपल्याकडे मद्रासची सिम्प्सन (१८४०) आणि कलकत्त्याची स्ट्यूअर्ट या कंपन्याही बग्ग्यांकडूनच मोटारींकडे वळल्या.

ग्राहक आधी चेसिस विकत घेई, मग कोचबिल्डरकडे जाई. तिथे चित्रकार गाडीचा घाट काढून दाखवी. तो पसंत पडला की खऱ्या मापाचा आराखडा भिंतीएवढ्या फळ्यावर उतरवला जाई. त्यावरून सुतार ॲश या लाकडाचा सांगाडा रचत. हातोड्याच्या दांड्याला वापरतात ते हे लाकूड चिवट असते, लवचीक असते आणि स्क्रू घट्ट धरते. आपल्याकडे बैलगाडीला बाभूळ वापरतात त्यामागेही असेच व्यवहारज्ञान आहे. सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा बसे. पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून फुगवायचा आणि दोन चाकांच्या मधून पुन्हा पुन्हा फिरवून गुळगुळीत करायचा. साचा नाहीच. त्यामुळे एकाच गाडीचे डावे आणि उजवे मडगार्ड तंतोतंत सारखे निघेलच असे नसे. कारागिराची नजर हेच मोजमाप.

यातले सर्वांत अवघड काम उघड्या छताच्या गाडीचे. इंग्लंडमध्ये तिला ‘ड्रॉपहेड कूपे’ म्हणत, फ्रान्समध्ये ‘कॅब्रिओले’. जुन्या टूरर गाडीचे हूड म्हणजे जीपच्या कापडासारखे नुसते आच्छादन असे आणि दारांच्या काचा वर-खाली होत नसत. ड्रॉपहेडमध्ये मात्र छत बंद केल्यावर गाडी सलूनसारखी बंदिस्त व्हायला हवी, आणि उघडल्यावर सगळे छत मागे घडी होऊन दिसेनासे व्हायला हवे. त्यासाठी लाकूड आणि लोखंडाच्या कमानी, मध्ये गादीचा थर, बाहेर जाड विणीचे कापड आणि आत अस्तर अशी रचना असते. कमानीचा एखादा बिजागर किंचित चुकला तरी पावसात पाणी थेट मांडीवर. शिवाय छत हा गाडीला ताठ ठेवणारा भाग असतो. तो काढला की गाडी मधोमध लवू पाहते आणि खड्ड्यातून जाताना दारे आपोआप उघडतात. खाली जाडजूड स्वतंत्र चेसिस असेल तरच हा भार निभावतो. पुढे काय घडले ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

१९४८

ऑक्टोबर १९४८मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये युद्धानंतरचे पहिले मोठे ब्रिटिश मोटार प्रदर्शन भरले. इंग्लंडमध्ये तेव्हा अन्नाचे रेशनिंग होते, पेट्रोलचेही होते. पोलाद मिळायचे ते निर्यात करणाऱ्या कारखान्यांना. अशा दिवसांत हूपरने तिथे एक फिकट हिरवी ड्रॉपहेड उभी केली. खाली डेमलर कंपनीचे डीई-३६ हे चेसिस होते, ५,४६० सीसीचे, एका रांगेत आठ सिलिंडर असलेले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच सव्वाबारा फूट. समोरची काच इतकी रुंद की तिला तीन वायपर लावावे लागले. छताची उघडझाप हायड्रॉलिक दाबावर होई. वर्तमानपत्रांनी तिला ‘ग्रीन गॉडेस’, म्हणजे हिरवी देवता, असे नाव दिले. या घाटाच्या गाड्या पुढे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच झाल्या.

याच वर्षी, १ जून १९४८ला, आपल्याकडे एसटीची पहिली बस पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, निघाली. ती बेडफर्ड चेसिसवर बांधलेली होती. बॉडी लाकडी, आसनांत काथ्या. एक गाडी धनाढ्यांची, एक रयतेची. पण बांधणीचे तत्त्व एकच: चेसिस एकाचे, बॉडी दुसऱ्याची. ग्रीन गॉडेस पाहून आपल्याला जे अपूर्व वाटते, त्याचे साधे, कष्टकरी रूप आपण आयुष्यभर खिडकीला टेकून अनुभवले आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळांत पुढे कित्येक वर्षे चेसिसवर बॉडी चढत राहिली. कोचबिल्डिंग हा शब्द आपल्याला परका वाटतो. काम तसे नाही.

त्याच अर्ल्स कोर्टच्या मांडवात आणखी दोन नव्या गाड्या होत्या: मॉरिस मायनर आणि मॉरिस ऑक्सफर्ड. दोन्हींना स्वतंत्र चेसिस नव्हते. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. ही ऑक्सफर्ड भारतात ‘हिंदुस्तान फोर्टीन’ म्हणून आली आणि तिच्या पुढच्या पिढीतून आपली अँबॅसडर घडली. म्हणजे एकाच छपराखाली मावळणारी आणि उगवणारी पद्धत शेजारी शेजारी उभी होती. लोक मात्र गर्दी करून हिरव्या देवतेकडे पाहत असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

ही पद्धत का संपली?

कोचबिल्डर संपले ते लोकांची आवड बदलल्यामुळे, असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. खरी कारणे तीन.

पहिले कारण बांधणीचे. बॉडी हाच सांगाडा झाला की कारखान्याने ‘नुसते चेसिस’ विकण्याचा प्रश्नच उरत नाही. कोचबिल्डरने हात घालावा अशी जागाच गाडीत राहिली नाही. रोल्स-रॉइसनेही १९४६मध्ये बेंटली मार्क सिक्ससाठी कारखान्यातच तयार पोलादी बॉडी देणे सुरू केले. त्या मॉडेलच्या पाच हजारांवर गाड्या झाल्या आणि सुमारे चार-पंचमांश ग्राहकांनी तयार बॉडीच पत्करली. त्याच काळातली रोल्स-रॉइस सिल्व्हर रेथ मात्र केवळ चेसिस म्हणून विकली जाई. तिची संख्या १,८८३. १९६५च्या सिल्व्हर शॅडोपासून रोल्स-रॉइसच्या नेहमीच्या गाडीलाही स्वतंत्र चेसिस राहिले नाही.

दुसरे कारण कराचे. ब्रिटनने १९४७मध्ये हजार पौंडांहून अधिक मूळ किमतीच्या मोटारींवरचा खरेदीकर दुप्पट करून दोन-तृतीयांशापर्यंत नेला. फ्रान्सने मोठ्या इंजिनांवर जबर कर बसवला, त्यामुळे डेलाहे आणि टॅल्बो यांसारख्या उमद्या चेसिसचे गिऱ्हाईकच आटले. चेसिस बनवणारे गेले की साज चढवणारे कशाच्या आधारावर टिकणार? डेलाहे १९५४मध्ये हॉचकिस कंपनीत विलीन होऊन संपली. पॅरिसचा साउचिक हा ख्यातनाम कोचबिल्डर पुढच्याच वर्षी बंद झाला. हूपरने १९५९मध्ये मोटारींच्या बॉडी बांधणे थांबवले.

तिसरे कारण वेळेचे. एक बॉडी उभी करायला कित्येक महिने लागत. युद्धानंतर मजुरी वाढली आणि विमानांच्या व मोटारींच्या मोठ्या कारखान्यांनी कुशल पत्रेवाले ओढून घेतले.

कन्व्हर्टिबलने मात्र सर्वांत जास्त काळ तग धरला, कारण छत कापल्यावर गाडी ताठ ठेवण्याचे कसब हातकामातच होते. पॅरिसच्या आंरी शाप्रॉनने सिट्रोएन डीएस गाडीची उघडी आवृत्ती साठच्या दशकातही हाताने बांधून दिली. पण ती कंपनीच्या यादीत छापलेली आवृत्ती होती. गिऱ्हाइकाने चित्र पसंत करून आपल्यापुरती एकच बांधून घ्यावी, तो काळ सरला होता.

भारतात ही खिडकी आणखी अरुंद होती. युद्ध १९४५मध्ये संपले. १९४८-४९पर्यंत संस्थाने विलीन झाली, म्हणजे मुख्य गिऱ्हाईकच बदलले. आयातीवर निर्बंध होतेच. १९५३च्या सुमारास सरकारने ठरवले, की ज्यांच्याकडे भारतात मोटार बनवण्याचा खरा आराखडा आहे त्यांनाच या धंद्यात राहता येईल. मुंबईत शिवडीला १९२८पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सनेही तेव्हा गाशा गुंडाळला. म्हणजे युद्धोत्तर कोचबिल्ट कन्व्हर्टिबल भारतात नवी येण्याचा काळ जेमतेम सात-आठ वर्षांचा. त्या आज इतक्या दुर्मिळ का, याचे उत्तर इथे आहे. पुढे १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे गेले आणि उरल्यासुरल्या गाड्याही राजवाड्यांतून बाहेर पडू लागल्या. काही परदेशी गेल्या, काही गॅरेजमध्ये कुजल्या, काहींच्या बॉडी उतरवून चेसिसवर दुसरेच काही बांधले गेले.

‘मूळ’ म्हणजे काय?

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तरतूद स्वागतार्ह आहे. त्याआधी अशा गाड्यांना कायद्यात वेगळे स्थान नव्हते.

पण याच नियमात एक अट आहे: वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल होईल अशी मोठी उलथापालथ झालेली नसावी. अँबॅसडर किंवा फियाटला ही अट चपखल लागू पडते, कारण तिचे मूळ स्वरूप कारखान्याने ठरवले आणि लाखभर गाड्यांत ते सारखेच आहे. कोचबिल्ट गाडीचे काय? तिचे मूळ स्वरूप एका गिऱ्हाइकाच्या आणि एका कारागिराच्या करारात होते. मालकाने सात-आठ वर्षांनी जुनी बॉडी उतरवून नवी चढवणे हा त्या काळातला राजमान्य रिवाज होता. आपल्या दमट हवेत ॲशचा सांगाडा कुजला म्हणून स्थानिक मिस्त्रीने सागवानाचा केला, तर ती दुरुस्ती म्हणायची की बदल? नोंदणीपुस्तकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, बॉडीचा प्रकार असतो. कोचबिल्डरने बॉडीला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाला मात्र तिथे रकानाच नाही.

अटीच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण ती उगाच घातलेली नाही. बंद सलूनपेक्षा उघड्या गाडीला नेहमीच जास्त किंमत येते. म्हणून जगभर अनेक चांगल्या सलून गाड्यांची छते कापून त्यांच्या ‘जुन्या’ ड्रॉपहेड बनवल्या गेल्या. १९५०च्या चेसिसवर काल बांधलेली बॉडी दिसायला कितीही सुंदर असली, तरी ती १९५०ची साक्ष देत नाही. नियम सैल केला तर हा धंदा फोफावेल. घट्ट ठेवला तर प्रामाणिक इतिहास असलेली गाडी बाहेर राहील.

यातून वाट कशी काढायची, याचा एक दाखला इंग्लंडच्या न्यायालयात सापडतो. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकली. पुढे तिचे अनेक भाग बदलले. १९३२मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर तिला जीवघेणा अपघात झाला. नंतर तिच्यावर बंद कूपे बॉडी चढवली गेली.  १९९०मध्ये ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. मग खरेदीदाराने हात आखडला. ही खरी ओल्ड नंबर वन नव्हेच, असे त्याचे म्हणणे. लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. प्रत्येक सुटा भाग मूळ आहे, असे त्यांनी म्हटले नाही. गाडीचा इतिहास अखंड आहे, ती कधी नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी आलेली नाही, म्हणून ती तीच गाडी, हा निकालाचा गाभा.

नाशिककरांना हे समजायला न्यायालयात जावे लागू नये. चैत्र एकादशीला आपल्याकडे रामरथ आणि गरुडरथ निघतात. लाकडाच्या रथाची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या चालते. त्यामुळे हा रथ ‘तो’ नव्हे, असे कोणी म्हणत नाही. कारण त्याला ओढणारे हात, त्याचा मार्ग आणि त्याची आठवण अखंड आहे. पण कोणी उद्या तसाच दुसरा रथ बांधून आणला आणि जुना म्हणून उभा केला, तर आपण तो ओळखू.

कागद आणि हात

तेव्हा प्रश्न गाडीत किती जुने लाकूड उरले एवढाच नाही. तिचा इतिहास सलग दाखवता येतो का, हा आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक महासंघाच्या तुरिन सनदेतही त्या त्या काळात झालेले बदल हा वाहनाच्या इतिहासाचाच भाग मानला आहे. आपल्या नियमालाही ही भर घालता येईल: बदल कधी झाला, कोणी केला आणि त्याचा पुरावा काय, हे विचारावे. जुना, नोंद असलेला बदल एका खान्यात ठेवावा, आजची नक्कल दुसऱ्या.

असा पुरावा गाडीतच लपलेला असतो. दाराच्या उंबऱ्यावर कोचबिल्डरची पट्टी असते. दाराच्या आतले अस्तर उचकटले की फळीच्या पाठीवर किंवा लाकडाच्या सांध्यावर बॉडीचा क्रमांक सापडतो. एकाच बॉडीच्या सगळ्या तुकड्यांवर तोच क्रमांक असेल, तर ते तुकडे एकत्र जन्मले हे कळते. म्हणून जुनी गाडी हाती आली की आधी फोटो काढावेत, मग हातोडा उचलावा. कुजलेला तुकडा नवा बसवला तरी जुना फेकू नये. इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस आणि बेंटलीची मूळ चेसिस-कार्डे तिथल्या क्लबने जपून ठेवली आहेत. आपल्याकडे विमा पॉलिसी, पेट्रोलच्या वह्या, लग्नाच्या वरातीतले फोटो आणि मिस्त्रीची बिले हीच आपली चेसिस-कार्डे. माळा आवरताना दिवाळीत सर्वांत आधी रद्दीत जातात ती नेमकी हीच.

दुसरी गोष्ट हातांची. ओझरच्या विमान कारखान्यामुळे पत्र्याला वळण देणारे हात नाशिक परिसरात आहेत. जीपला कापडी हूड शिवणारे आहेत. ट्रकबॉडीचे जुने सुतार अजून आहेत, पण ट्रक आता कारखान्यातूनच केबिनसह येतो आणि बसबॉडीला कडक राष्ट्रीय मानके लागू झाली आहेत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र त्याचा एक परिणाम असा, की चेसिसकडे नुसते पाहून त्यावरची गाडी डोळ्यांपुढे आणू शकणारा मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहे आणि त्याच्या हाताखाली पोऱ्या नाही. गाडी शेडमध्ये पन्नास वर्षे थांबू शकते. मिस्त्री थांबू शकत नाही.

होळकरांची ड्यूसेनबर्ग परत येणार नाही, आणि हिरव्या देवतेसारखी गाडी आपल्या गावात कोणी बांधणार नाही. पण एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उघड्या छताची एखादी गाडी आजही असेल. ती विकण्याआधी, रंगवण्याआधी, भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिचे दार उघडून अस्तरामागचा आकडा तेवढा वाचून घ्यावा. सोबत एखाद्या जुन्या सुताराला न्यावे. आकडा कुठे असतो, ते तो बोटाने चाचपून सांगेल.